पाताळपाणीचं इंजिन टेबलावर: आवाज बसवतानाचे सहा महिने

महू–पाताळपाणी–कालाकुंड घाटाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट इंदूरच्या घरी ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर दोन वर्षं धावतोय. प्रमाण १:८७, रूळ १२ मि.मी., कारण मीटरगेज या प्रमाणात ११.५ मि.मी. होतं आणि १२ चे रूळ मिळतात. इंजिन वायडीएम-४, म्हणजे मीटरगेजचं, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या घडणीचं डिझेल. बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली आणि खाली टीटी गेजच्या (१२ मि.मी.) सहा आसांच्या डिझेलची चासी. आवाज मात्र नव्हता. तो बसवायला ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५ एवढा काळ आणि सुमारे ४१ हजार रुपये लागले. आवाजाने गाडी खरी वाटते का, असं विचारणाऱ्यांसाठी हा तपशील. हे पैसे कुठे वाचले असते, तेही त्यात आहे.

आधी ध्वनिमुद्रण. अल्को इंजिनाच्या आवाजाच्या तयार फायली मिळतात, पण त्या अमेरिकेच्या. त्यांत चालत्या इंजिनाची घंटा असते आणि फाटकासाठी दोन लांब, एक छोटा, एक लांब असा हॉर्न असतो. आपल्याकडे ‘सी/फा’ची (सीटी/फाटक) पाटी आली की सलग लांब हॉर्न देतात, आणि घंटा वाजवत जाणारं डिझेल महूला कोणी पाहिलेलं नाही. आवाज नसला तर बघणारा तो मनात भरून घेतो. चुकीचा आवाज मात्र त्याला थेट अमेरिकेत नेऊन सोडतो.

म्हणून रविवार, ११ ऑगस्ट २०२४ ला हेरिटेज ट्रेनचं तिकीट काढलं. ही गाडी २५ डिसेंबर २०१८ ला सुरू झाली. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून जो मार्ग उभा राहिला, त्याचाच हा उरलेला घाटाचा तुकडा. चढ ४० ला १. स्टेशनवर विचारून घेतलं, उत्तर सरळ मिळालं: प्रवाशाने जिथे असायचं तिथे बसून फोनवर काय करायचं ते करा, रुळावर उतरायचं नाही, इंजिनात चढायचं नाही. आवाजासाठी एवढं पुरतं.

पहिल्या फेरीत सगळी मेहनत जातानाच्या प्रवासावर खर्च झाली. ती चूक होती. पाताळपाणीहून कालाकुंडला गाडी उतरते, म्हणजे इंजिन जवळजवळ रिकामंच घुरघुरत असतं आणि ऐकू येतात ते ब्रेक. थ्रॉटलचे वरचे नॉच (जोराचे टप्पे) परतीच्या चढावर लागतात. तेव्हा जाताना धबधबा बघा आणि येताना इंजिनालगतच्या डब्यात खिडकी धरा. २५ ऑगस्टला दुसरी फेरी केली, ती फक्त परतीसाठी.

फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर चालत नाही. त्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते, त्यामुळे उभ्या इंजिनाची धडधड आणि हॉर्न दोन्ही एकाच उंचीचे येतात. पातळी हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप घ्यावं, फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर लोकरी मोजा चढवला. दोन फेऱ्यांत २ तास ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. पत्र्यावरचा पाऊस, धबधबा दिसताच उठणारा डब्यातला आरडाओरडा आणि चहावाला वगळता हाती राहिली ३ मिनिटं १० सेकंदं. तेवढी पुष्कळ झाली.

मग खरेदी. २ सप्टेंबरला युरोपातल्या एका दुकानातून लोकसाउंड ५ मायक्रो डीकोडर, म्हणजे रुळातून आलेल्या आज्ञा ओळखून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारी इंजिनातली चिप (१०,६०० रुपये) आणि त्यात स्वतःचे आवाज भरण्यासाठी लागणारा लोकप्रोग्रामर (१४,२०० रुपये) मागवला. कुरिअर २,३००. १३ सप्टेंबरला केवायसीचा मेसेज आला: आधार, पॅन आणि पैसे भरल्याची पावती. १७ तारखेला कस्टम्सची विचारणा आली की हे खेळणं आहे का, असल्यास बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र कुठे आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि दुकानदाराने बिलावर ‘मॉडेल ट्रेन पार्ट’ एवढंच लिहिलं होतं. सक्ती १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे. उत्तरादाखल अर्ध्या पानाचं पत्र, डीकोडरचं माहितीपत्रक आणि खोक्यावरच्या ‘१४ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ या चिन्हाचा फोटो पाठवला. दोन आठवडे काहीच हालचाल नाही. रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचं, तीच ओळ वाचायची आणि बंद करायचं. १ ऑक्टोबरला माल सुटला, ४ तारखेला घरी आला. ड्युटी, कर आणि कुरिअरची फी मिळून ११,४०० रुपये.

ऑर्डर देतानाच दुकानदाराला सांगा की बिलावर वस्तूचं खरं आणि पूर्ण वर्णन लिही: इलेक्ट्रॉनिक डीकोडर, अमुक मॉडेल, प्रौढांच्या छंदासाठी. किंमत कमी लिहायला सांगू नका, अडकलं तर पावती आणि बिल जुळलं पाहिजे. आणि ज्याला तयार फाइल चालणार आहे, त्याने प्रोग्रामर घेऊच नये. काही विक्रेते डीकोडर पाठवण्याआधी हवी ती फाइल त्यात भरून देतात. त्यात १४ हजार आणि त्यावरची ड्युटी वाचते.

पार्सल अडकलेलं असताना स्पीकरचं काम उरकलं. महाराणी रोडवर ११ बाय १५ मि.मी.चे, ८ ओहमचे, १ वॉटचे चौकोनी स्पीकर ६० रुपयांना एक असे मिळाले, चार घेतले. घरी आणून तारा जोडल्या की पहिली प्रतिक्रिया निराशेची होते, आवाज पत्र्याच्या डबीसारखा येतो. दोष स्पीकरचा नाही. पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. मागची बाजू हवाबंद केली की तोच स्पीकर दुप्पट भरदार वाटतो. अर्धा मि.मी. जाडीच्या स्टायरिन प्लास्टिकच्या पत्र्याची पेटी केली, आतली खोली जेवढी इंजिनाच्या हूडमध्ये (बॉनेटमध्ये) मावेल तेवढी, आमच्याकडे ९ मि.मी. सांधे प्लास्टिक सिमेंटने भरले. तारांचं भोक विसरतं, तेही बंद करा. तपासणी सोपी आहे. पडदा बोटाने अलगद दाबून सोडला की तो सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर कुठेतरी हवा गळते.

पेटी बसवली रेडिएटरच्या पंख्याच्या जाळीखाली, तोंड वर करून. पुष्कळ जण स्पीकर चाकांच्या बोगीकडे खाली तोंड करून लावतात. मग आवाज प्लायवर आपटतो आणि प्लाय तबल्यासारखा वाजतो.

स्पीकर कितीही चांगला लावला तरी एक मर्यादा पाळावीच लागते. वायडीएम-४ मध्ये सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक अल्को २५१ इंजिन. उभं असताना मिनिटाला साधारण ४०० फेरे. दोन फेऱ्यांत सहा स्फोट, म्हणजे सेकंदाला २०. हा २० हर्ट्झचा ठोका खऱ्या इंजिनाजवळ छातीत बसतो. १५ मि.मी.चा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो, त्यामुळे तो ठोका या जन्मी निघणार नाही. पण कान हुशार आहे. वरचे स्वर त्याच ठोक्याच्या अंतराने आले की मूळ खालचा स्वर तो स्वतःच जोडून घेतो. म्हणून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. ऐकायला उलटं वाटतं, पण स्पीकरचा पडदा न निघणाऱ्या स्वरांवर धापा टाकायचा थांबतो आणि जे निघतं ते स्वच्छ निघतं.

लूप कापताना सर्वाधिक वेळ गेला. सगळा ऑक्टोबर संध्याकाळी तेच. सहाही सिलिंडर सारखे वाजत नसतात, एखादा जड, एखादा फुसका. लूप मधेच कुठेतरी कापला तर दर खेपेला इंजिन लंगडतं. स्फोटांचं पूर्ण आवर्तन दोन फेऱ्यांचं, म्हणजे उभ्या इंजिनाला ०.३ सेकंद. लूपची लांबी त्याच्या पूर्ण पटीत हवी. आम्ही दहा आवर्तनं, ३ सेकंदं घेतली. कापायचं तिथे लाट शून्यरेषेवर असली पाहिजे, नाहीतर टिक् असा आवाज येतो. मग मोनो, १६ बिट करून प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. आठ नॉचपैकी आम्हाला पाचच स्वच्छ मिळाले. मधले तीन शेजारच्या नॉचचा वेग थोडा बदलून तयार केले. ते पकडणारा माणूस अजून भेटायचाय.

बसवणं रविवारी, ६ ऑक्टोबरला झालं. चासीत सॉकेट नव्हतं, थेट सोल्डर करावं लागलं. लाल तार उजव्या रुळाकडून, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी-पिवळी दिव्यांना, निळी त्यांची सामाईक, आणि दोन तपकिरी स्पीकरला. डीकोडर लावण्याआधी मल्टिमीटरने मोटरची दोन्ही टोकं आणि चासीचा धातू यांच्यात जोड आहे का ते बघा. आमच्याकडे एका टोकाला बीप वाजला. ब्रशची पत्ती फ्रेमला टेकलेली होती. न बघता वीज सोडली असती तर डीकोडर गेला असता. पत्तीखाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारा) लावल्यावर सुटलं. दुसरी चूक मात्र झालीच: डीकोडर हलू नये म्हणून फोम टेपमध्ये पूर्ण गुंडाळला. वीस मिनिटांनी इंजिन आपोआप थांबायचं, पाच मिनिटांनी पुन्हा चालायचं. उष्णता बाहेर जायला वाट नव्हती. टेप काढून एका बाजूने चिकटवला, त्यानंतर थांबलं नाही.

चाचणी नेहमी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग लिहिण्याच्या वेगळ्या रुळावर करा, तिथे वीज मर्यादित असते. गोंधळ झाला तर सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकाची सेटिंग) ८ लिहिलं की डीकोडर मूळ स्थितीला येतो. लोकसाउंडला मोटर ओळखण्यासाठी सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबायचं असतं. तेव्हा इंजिन एकदम सुसाट सुटतं, पुढे दीड-दोन मीटर सरळ मोकळा रूळ ठेवा. आमचं खिडकीपाशी थांबलं.

आवाज आणि चाल यांची सांगड सीव्ही ३ आणि ४ वर (वेग घ्यायला आणि सोडायला लागणारा वेळ) आहे. कारखान्यातून येते तशी गाडी बटण फिरवताच पळते आणि आवाज मागून धावत येतो. सीव्ही ३ मध्ये ६० ठेवल्यावर पूर्ण वेग घ्यायला साधारण १५ सेकंद लागतात. इंजिन आधी घोंघावतं, जोर धरतं, मग चाकं हलतात. या एका आकड्याने जे साधलं ते महागड्या फाइलने साधत नाही.

१७ नोव्हेंबरला कॉलनीतल्या एका काकांना बोलावलं. महूला ते घाटात ड्रायव्हर होते. खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला, डोळे मिटले.

“उभं आहे ना आता?”

“हो काका.”

“मग एक्स्प्रेसर कुठंय?”

एक्स्प्रेसर म्हणजे ब्रेकसाठी हवा दाबणारा आणि ओढणारा पंप. त्याच्या जागी तयार फाइलमधून घेतलेला कंप्रेसर आम्ही मधूनमधून चालू-बंद होणारा लावला होता. काकांनी मान हलवली. “अहो, तो इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन चालू तोवर तो फिरणारच. बंद कसा होईल? फक्त लोड घेतो, सोडतो.” आणि तोंडाने त्यांनी तो आवाज काढून दाखवला: खटखट जरा जड, मग एक छोटं फुस्स, मग पुन्हा हलकं. रेकॉर्डिंगमध्ये तो होता, आम्ही घाण म्हणून कापून टाकला होता. त्याच आठवड्यात परत घातला. हॉर्नबद्दल त्यांचं मत थोडक्यात होतं: “कमी वाजवा. टेबल केवढं, हॉर्न केवढा!”

खरंच आहे. ‘सी/फा’ची पाटी फाटकाच्या ६०० मीटर आधी असते. १:८७ ला ते सात मीटर झाले, आणि आमचा अख्खा लेआउट अडीच मीटरचा. खऱ्या लांबीचा हॉर्न वाजवला तर तो संपेपर्यंत गाडी घाट उतरून परत येते. आता हॉर्न दीड सेकंदाचा, एका फेरीत एकदाच.

चाकांच्या आवाजाला इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही, आणि या सगळ्या उद्योगातला सर्वांत स्वस्त आवाज तोच. खरा रूळ १३ मीटरचा धरला, तर मॉडेलवर १५ सें.मी. दर १५ सें.मी.वर रेझर सॉने रुळाच्या माथ्यावर बारीक खाच पाडली, नखाला जाणवेल इतकीच. दोन्ही रुळांवर समोरासमोर, पण पॉइंटपाशी (गाडी रूळ बदलते तिथे) नाही, तिथे चाक घसरतं. डब्यांची प्लास्टिकची चाकं काढून धातूची लावली. ताशी ४० कि.मी. म्हणजे मॉडेलवर सेकंदाला १३ सें.मी. त्या वेगाने डबा खटक-खटक... खटक-खटक करत जातो, आणि वेग बदलला की ताल आपोआप बदलतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला हे जमत नाही.

पण ही खटखट ऐकू येण्यासाठी प्लायचा घुमारा मारावा लागला. रुळाखाली ३ मि.मी. कॉर्क होता तरी गुरगुर येत होती. कारण खडी. खडीवर पातळ केलेला फेविकॉल सोडला की तो वाळून दगड होतो आणि कॉर्कला वळसा घालून कंप प्लायपर्यंत नेतो. घाटातली खडी पाणी मारून उकरली, खाली योगा मॅटचा ५ मि.मी. फोम घातला आणि खडी पुन्हा बसवली ती लेटेक्स गोंदाने, तो वाळल्यावरही रबरासारखा राहतो. चार रविवार. कंटाळवाणं काम, टाळू नका.

स्टेशनच्या आवाजासाठी डिसेंबरात डीएफप्लेअर मिनी लावला, मेमरी कार्डवरच्या फायली वाजवणारं छोटं बोर्ड (दोन, प्रत्येकी १८०), त्याला आज्ञा देणारा अर्डुइनो नॅनो २९०, आयआर सेन्सर दोन १०० रुपये, मेमरी कार्ड दोन ७०० रुपये. फायली ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये ०००१, ०००२ अशा नावांनी ठेवा. बाहेर मोकळ्या ठेवल्या तर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजतात आणि गाडी आल्यावर कोकीळ ओरडते. आरएक्सच्या (नॅनोकडून आज्ञा येण्याच्या) तारेत १ किलोओहमचा रोधक घातला की गुणगुण जाते. मोठ्या आवाजाला नॅनो रीसेट होत असेल तर ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सेन्सर खिडकीच्या उन्हात ठेवू नका, दुपारी चारला आपोआप घोषणा सुरू होतात. हा स्पीकर प्लायखाली स्टेशनच्या जागीच आहे आणि तिथे तो बरोबर वाटतो, कारण स्टेशन हलत नाही. इंजिनाचा आवाजही खालच्या मोठ्या स्पीकरमधून काढून पाहिला होता. धडधड भरदार येते, पण गाडी एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. दोन मिनिटांत सोडून दिलं.

शेवटचा प्रश्न पातळीचा. १४ जानेवारीला तिळगुळाला आलेल्या मंडळींसमोर गाडी तीन प्रकारे चालवली: मुकी, कारखान्याच्या पातळीवर आणि अगदी बारीक. मोठ्या आवाजावर मुलं खूश झाली आणि पाच मिनिटांत उठून गेली. बारीक आवाजावर मोठी माणसं खाली वाकली, डोळे रुळांच्या पातळीला आणून बघू लागली. त्याला कारण आहे. एक मीटरवर उभे राहिलो की प्रमाणात आपण ८७ मीटरवर असतो, आणि खऱ्या जगात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. टेबलाच्या त्या टोकाची गाडी पाव किलोमीटरवर आहे, पण खोलीत तिचा आवाज तेवढाच राहतो. ही विसंगती झाकायचा एकच मार्ग, सगळंच खाली आणायचं. सीव्ही ६३ मध्ये मुख्य आवाज १९२ पर्यंत जातो, आमचा ५० वर आहे. हॉर्न वेगळा कमी केला, एक्स्प्रेसर थोडा चढवला.

आवाजाचा खरा फायदा गाडी उभी असताना दिसला, हे अपेक्षित नव्हतं. धावती गाडी नजर धरून ठेवते, आवाज नसला तरी चालतं. कालाकुंडला थांबलेलं इंजिन मात्र आवाजाविना शोकेसमधलं वाटतं. तोच ३ सेकंदांचा लूप आणि मधलं फुस्स ऐकू आलं की वाटतं, आता सुटेल. सगळ्यांनी जास्त वेळ तिथेच काढला.

पाताळपाणीचा धबधबा अजून नीट झालेला नाही. पाण्याच्या आवाजाचा ४० सेकंदांचा लूप केला होता, त्याचा जोड दर खेपेला कळायचा. शेवटची ५ सेकंदं सुरुवातीच्या ५ सेकंदांवर चढवून फेड केली, जोड गेला. पण दोन डीएफप्लेअर एकाच ५ व्होल्टवर असल्याने इंजिन जवळ आलं की पाण्यात घरघर मिसळते. दुसरा ॲडॉप्टर आणायचाय, जेल रोडला दीडशेला आहे.